इंधनाची बेगमी कोणी करायची?

होर्मुझच्या सामुद्रधुनीचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले की आपल्याकडे एक ठरावीक चर्चा सुरू होते. तेल आता कोठून आणायचे, रशियाकडून किती, अमेरिकेकडून किती, आफ्रिकेतील कोणता देश मदतीस येईल, असे प्रश्न विचारले जातात. देशात पुरेसा साठा असून घाबरण्याचे कारण नाही, असे निवेदन मंत्रालयाकडून प्रसिद्ध होते. पुढे बाजारभाव खाली येतात आणि चर्चाही विरते. या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. ठरलेले जहाज उद्या बंदराला लागलेच नाही, तर आपण किती दिवस तग धरू, आणि तेवढ्या दिवसांचा माल साठवून ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा?

कोकणातल्या माणसाला या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात वाट बंद होणार हे ठाऊक असल्यामुळे आगोटीच्या आधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी आणि सरपण घरात भरून ठेवणे हा तेथल्या संसाराचा नियमच होता. त्या बेगमीत पैसा अडकून पडे, थोडा माल उंदीर-घुशी खात, एखाद्या वर्षी पाऊस कमी झाल्याने ती अनावश्यकही ठरे. पण म्हणून पुढच्या वर्षी बेगमी करू नये असे कोणी म्हटले नाही. राष्ट्राच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण अद्याप पुरतेपणी अंगी बाणवलेला नाही. आयातीवर जगणाऱ्या देशाची इंधनसुरक्षा ही प्रथम साठ्याची बाब आहे आणि साठा ही बाजाराने आपणहून पुरवावी अशी वस्तू नव्हे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बॉम्बे हायची गुंगी

परिस्थिती किती नाजूक आहे हे आधी पाहू. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे २४ कोटी ३० लाख टन कच्चे तेल आयात केले आणि त्यापोटी सुमारे १३७ अब्ज डॉलर मोजले. त्या वर्षी गरजेपैकी ८८ टक्के तेल परदेशातून आले. देशातील उत्पादन २ कोटी ८७ लाख टनांच्या आसपास राहिले.

हा शेवटचा आकडा जुन्या आकड्यांशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईनजीकच्या समुद्रात तेल शोधून काढले, १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास देशाला लागणाऱ्या तेलापैकी दोनतृतीयांशाहून अधिक तेल देशातच निघू लागले. १९८४-८५ चे देशी उत्पादन होते सुमारे २ कोटी ९० लाख टन. म्हणजे चाळीस वर्षांनंतर आपण उत्पादनाच्या बाबतीत जवळजवळ त्याच जागी उभे आहोत. या काळात खप मात्र सहापटीने वाढला आहे. बॉम्बे हायने देशावर मोठेच उपकार केले, यात वाद नाही. पण त्या यशाने एका पिढीच्या धोरणकर्त्यांना काहीशी गुंगी आणली, असेही म्हटले पाहिजे. तेल सापडते आहे, आणखी सापडेल, मग साठ्यासाठी जमीन खोदण्याची घाई कशाला, हा विचार त्या यशातून रुजला असल्यास नवल नाही.

ती गुंगी उतरायला १९९० साल उजाडावे लागले. ऑगस्टमध्ये इराकने कुवेतचा घास घेतला आणि आपले दोन पुरवठादार एकाच दिवशी बाजारातून नाहीसे झाले. तेलाचे भाव भडकले, आखाती देशांतील भारतीयांकडून येणारा पैसा आटला, आणि १९९१ च्या जानेवारीत परकीय चलनाची गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरच्याही खाली गेली. त्या मे महिन्यात २० टन सोने विकावे लागले व जुलैत सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवावे लागले. त्या संकटाला केवळ तेल कारणीभूत होते असे नव्हे. सरकारी तुटीचे आणि अल्पमुदतीच्या कर्जांचे पाप त्यामागे होतेच. परंतु आधीच वाकलेल्या उंटाच्या पाठीवर शेवटचे ओझे ठेवले ते तेलाने.

एवढा अनुभव गाठीशी असतानाही राखीव साठ्याची व्यवस्था पाहणारी सरकारी कंपनी स्थापन झाली ती २००४ मध्ये, आणि विशाखापट्टणमचे पहिले भुयार कामी आले ते २०१५ मध्ये. त्यापाठोपाठ मंगळूर आणि उडुपी जिल्ह्यातील पादूर येथील भुयारे झाली. तिन्हींची मिळून क्षमता ५३ लाख ३० हजार टन आहे. या भुयारांची रचना मोठी चतुर आहे. कठीण खडकात खूप खोलवर पोकळी कोरायची, तिला पोलादी अस्तर घालायचे नाही, आणि भोवतालच्या खडकातील पाण्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा सतत जास्त राहील अशी योजना करायची. पाणी आत झिरपू पाहते, म्हणून तेल बाहेर जाऊ शकत नाही. झिरपलेले पाणी उपसून काढले की झाले. जमिनीवरच्या टाक्यांपेक्षा ही पद्धत दीर्घकाळात स्वस्त पडते आणि हवाई हल्ल्याचे भयही कमी राहते.

सरकारी हिशोबाप्रमाणे हा साठा साडेनऊ दिवसांचा आहे. परंतु हा हिशोब २०१९-२० च्या खपावर मांडलेला आहे. २०२४-२५ च्या आयातीने भागल्यास तो आठ दिवसांवर येतो. भुयार तेवढेच राहते, खप वाढतो, आणि एकही थेंब न काढता साठ्याचे दिवस कमी होत जातात. यावर उत्तर म्हणून तेल कंपन्यांच्या टाक्यांमधील सुमारे ६४ दिवसांची साठवण या आकड्यात मिळवली जाते आणि एकूण ७४ दिवसांचे आश्वासन देशाला दिले जाते. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, हे आकडे साठवणक्षमतेचे आहेत. टाकी आहे म्हणजे ती भरलेली आहेच असे नाही. दुसरी अशी की, शुद्धीकरण कारखान्याच्या टाकीतील, नळातील व वाटेवरील तेल हे त्या धंद्याचे खेळते भांडवल आहे. किराणा दुकानदाराच्या फळीवरच्या मालाला घरातील कणगीतले धान्य म्हणता येत नाही.

जपानने काय केले

ज्या देशाच्या भूमीत जवळजवळ तेलच नाही त्याने याच काळात काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. १९७३ च्या ऑक्टोबरमधील अरब-इस्रायल युद्धानंतर अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून अकरा-बारा डॉलरवर गेला. जपानमध्ये त्याची पहिली धग लागली ती विचित्र ठिकाणी. कागद मिळेनासा होणार अशी अफवा उठून ओसाकाजवळच्या एका वसाहतीत शौचकागदासाठी बायकांच्या रांगा लागल्या आणि ते लोण देशभर पसरले. हसण्यासारखीच गोष्ट, पण तेलाच्या टंचाईतून माणसांची मने कशी बिथरतात याचे ते प्रात्यक्षिक होते.

जपानने त्यानंतर तेल वाचवण्याचे, अणुवीज उभारण्याचे, पुरवठादार बदलण्याचे प्रयत्न केलेच. परंतु त्याबरोबर १९७५ च्या अखेरीस तेलसाठ्याचा कायदा केला. तेल आयात करणाऱ्या आणि शुद्ध करणाऱ्या प्रत्येक कंपनीने ठरावीक दिवसांचा साठा बाळगलाच पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले व त्यासाठी कमी व्याजाच्या कर्जाची सोय केली. १९७८ पासून सरकारने स्वतःचा साठा वेगळा करायला आरंभ केला. गेल्या दशकात दोन्ही साठे मिळून दोनशे दिवसांच्या वर राहिले. या साठ्याचा उपयोग केवळ युद्धाच्या वेळीच होतो असेही नाही. २०११ च्या भूकंपानंतर सरकारने कंपन्यांवरील साठ्याचे बंधन काही काळ सैल केले, आणि उद्ध्वस्त प्रदेशाला इंधन देण्यास वाव मिळाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सभासद देशांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बाळगावा असा दंडक आहे. भारत २०१७ पासून या संस्थेचा सहयोगी आहे, पूर्ण सभासद नाही.

जपानची श्रीमंती आपल्यापाशी नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अर्धवट खरा आहे. १९७५ चा जपान श्रीमंत होता खरा, पण १९७४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उत्पन्न युद्धोत्तर काळात प्रथमच घटले होते. कायदा झाला तो सुबत्तेच्या भरात नव्हे, तर चटका ताजा असताना.

पैसा आहे, मग भीती कशाची?

साठ्याविरुद्धचा सर्वांत भारदस्त युक्तिवाद माझ्याच विषयातील काही मंडळी करतात. त्यांचे म्हणणे असे की, १९९१ चा भारत आता उरलेला नाही. परकीय चलनाची गंगाजळी शेकडो अब्ज डॉलरची आहे. भाव चढले तर चढ्या भावाने तेल घेऊ. दिवसेंदिवस जमिनीत पैसा पुरून ठेवण्यापेक्षा तो रोख्यांत गुंतवलेला बरा. शिवाय जगाच्या बाजारात तेल हे एकाच विहिरीतले पाणी आहे; एका पोहऱ्याने मिळाले नाही तर दुसऱ्याने काढता येते.

गंगाजळी नसली तर काय होते हे श्रीलंकेने २०२२ मध्ये दाखवून दिले. जूनच्या अखेरीस तेथील सरकारला अत्यावश्यक सेवा सोडून सर्वांना इंधन विकणे दोन आठवडे बंद करावे लागले आणि पुढे गाडीच्या क्रमांकानुसार आठवड्याचा कोटा बांधून द्यावा लागला. जगात तेल होते. कोलंबोपाशी डॉलर नव्हते. तेव्हा गंगाजळी हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. ती पुरेशी असते का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्याच वर्षी नैसर्गिक वायूच्या बाजारात मिळाले. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपने मिळेल त्या भावाने द्रवरूप वायू उचलायला सुरुवात केली. जुलैमध्ये पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली, तिला एकही देकार आला नाही. आपल्या गेल या सरकारी कंपनीचा तर गाझप्रॉमच्या सिंगापूर येथील शाखेशी वीस वर्षांचा करार होता. त्या शाखेच्या मूळ जर्मन कंपनीचा ताबा जर्मन सरकारने घेतला आणि २०२२ च्या मध्यापासून ठरलेली जहाजे येणे थांबले. करारात दंडाची तरतूद होती, पण दंड भरून तोच माल अन्यत्र विकणे विक्रेत्याला परवडत होते, इतके भाव चढले होते. वायू नसल्यामुळे खतकारखान्यांचा पुरवठा कमी करावा लागला. कागदावर करार होता, बँकेत डॉलर होते, आणि नळात वायू नव्हता.

रशियन तेलाची कहाणीही काही वेगळे सांगत नाही. २०२२ पूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो दोन वर्षांत एकतृतीयांशाच्या वर गेला. स्वस्त तेल मिळाले, ते घेतले, हे योग्यच झाले. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने या खरेदीचे कारण पुढे करून भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लादले, आणि ऑक्टोबरमध्ये रशियाच्या दोन सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांवर निर्बंध घातले. पुरवठादार बदलला की धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या रूपाने येतो. आखातात तो सामुद्रधुनीच्या रूपाने असतो, रशियाच्या बाबतीत वॉशिंग्टनच्या आदेशाच्या रूपाने. अनेक पुरवठादार असणे चांगलेच, पण एकाकडून दुसऱ्याकडे वळायला आठवडे लागतात. ते आठवडे भरून काढण्याचे काम साठ्यालाच करावे लागते.

शिवाय पुरवठ्याचे दोर अनेकदा फार मामुली जागी कच्चे असतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचे उदाहरण घ्या. एन्रॉनच्या प्रकरणाने गाजलेल्या त्या प्रकल्पातील वायूचे धक्का-केंद्र २०१३ मध्ये चालू झाले. परंतु लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे त्यानंतर कित्येक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लावता येत नव्हते. कोट्यवधींचा प्रकल्प, आणि वर्षातले चार महिने दगडांच्या एका बांधापायी बंद. ऊर्जासुरक्षेवरील परिसंवादांत भूराजकारणाची चर्चा रंगते, या बांधाची होत नाही.

चुलीपाशी पोचलेला प्रश्न

कच्च्या तेलाविषयी निदान बोलले तरी जाते. त्याहून नाजूक जागा स्वयंपाकाच्या गॅसची आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नाही.

२०२४-२५ मध्ये देशात सुमारे ३ कोटी १३ लाख टन गॅस वापरला गेला. त्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक आयात झाला, आणि त्या आयातीचा फार मोठा भाग कतार, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत अशा देशांतून, म्हणजे होर्मुझमार्गेच आला. रोजचा खप ८५ हजार टनांहून जास्त पडतो. या गॅससाठी खडकातली भुयारे दोन: विशाखापट्टणमचे ६० हजार टनांचे व मंगळूरचे, २०२५ मध्ये सुरू झालेले, ८० हजार टनांचे. दोन्ही काठोकाठ भरली तरी देशाची दोन दिवसांची चूलही त्यावर पेटत नाही. बंदरांतील आणि भरणा केंद्रांतील टाक्या आहेत. पण तेथला गॅस हा आज आला, उद्या गेला, अशा वाहत्या प्रवाहातला असतो.

कच्च्या तेलाचा एक प्रकार मिळाला नाही तर कारखाना थोडी फेरजुळणी करून दुसरा घेऊ शकतो. बस कमी सोडता येतात, कचेऱ्यांच्या वेळा बदलता येतात. स्वयंपाक पुढे ढकलता येत नाही. आणि येथेच गेल्या पन्नास वर्षांत घडलेला एक बदल नीट समजून घेतला पाहिजे. १९७३ मध्ये तेल महागले तेव्हा महाराष्ट्रातल्या सामान्य घरात गॅस क्वचितच होता. रॉकेलचा स्टोव्ह होता, कोळशाची शेगडी होती, चूल होती. एक विझले तर दुसरे पेटवता येत असे. रॉकेलच्या रांगेत उभे राहणे हा ताप होता, पण घर उपाशी राहत नव्हते. आता देशात सुमारे ३३ कोटी घरगुती गॅसजोडण्या आहेत. त्यांपैकी दहा कोटींहून अधिक जोडण्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दिल्या गेल्या. बहुतेक राज्यांत रेशनवरचे रॉकेल जवळपास नाहीसे झाले आहे. शहरातल्या खोलीत चूल मांडायला जागा नाही आणि मांडली तर शेजारी राहू देणार नाहीत.

धुरातून बायकांची सुटका झाली ही या काळातील फार मोठी सामाजिक सुधारणा आहे, आणि तिच्याविषयी कुरकुर करणाऱ्यांनी आठवडाभर ओल्या सरपणावर भाकऱ्या थापून पाहाव्यात. परंतु या सुधारणेने घरातील जुन्या पर्यायांची बेगमी मोडीत काढली, आणि तिच्या जागी राष्ट्रीय बेगमी उभी केली नाही. पूर्वी धोक्याची विभागणी लाखो घरांत झालेली होती; आता तो सारा धोका चार-दोन बंदरांच्या आणि एका सामुद्रधुनीच्या तोंडाशी येऊन साचला आहे. सरकारने घरोघर शेगडी पोचवली, तेव्हाच तिच्यामागचा साठा ही सरकारची जबाबदारी झाली. पुरवठा तुटला तर सुखवस्तू घर विजेची शेगडी विकत आणील. ज्या घरात विजेचा दाबच अपुरा आहे, तेथली बाई पुन्हा काटक्या गोळा करायला जाईल.

सरकारला याची जाणीव नाही असे नव्हे. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारी कंपन्यांनी अमेरिकेतून २०२६ या वर्षासाठी २२ लाख टन गॅस घेण्याचा करार केला. तो स्वागतार्ह आहे. पण आखातातून आठवड्याच्या आत येणारे जहाज अमेरिकेच्या किनाऱ्यावरून यायला महिन्याहून अधिक घेते. ज्याचा पुरवठादार दूर, त्याची कणगी मोठी हवी. आपण पुरवठादार दूरचा शोधला आणि कणगी होती तेवढीच ठेवली.

पस्तीस पैसे

आता खर्चाकडे वळू, कारण अखेर सारे तेथेच अडते. समजा, आजच्या साठ्यात आणखी एक कोटी टन कच्च्या तेलाची भर घालायची ठरवली. २०२४-२५ च्या आयातीने पाहता ही भर पंधरा दिवसांची होते. पिंपाला ७० डॉलर आणि डॉलरला ९० रुपये असा भाव धरल्यास हे तेल सुमारे ४६ हजार कोटी रुपयांचे होईल. हा आकडा ऐकून अर्थमंत्री दचकतील. परंतु तेल हा खर्च नव्हे, ती मत्ता आहे. खरा वार्षिक खर्च त्यावरील व्याजाचा. सात टक्क्यांनी तो ३,२०० कोटींच्या घरात जातो. पहिल्या तीन भुयारांच्या बांधकामाला सुमारे ४,१०० कोटी रुपये लागले होते. नव्या भुयारांना, दुप्पट क्षमता आणि वाढलेले दर लक्षात घेऊन, वीस हजार कोटी धरू, आणि त्यावर व्याज व देखभालीपोटी वर्षाला दहा टक्के. म्हणजे आणखी दोन हजार कोटी. एकूण ५,२०० कोटी. देशात वर्षाला पेट्रोल आणि डिझेल मिळून सुमारे १६ हजार ४०० कोटी लिटर विकले जाते. सारा बोजा त्यावर टाकला तरी लिटरमागे बत्तीस पैसे पडतात. हिशोबातील चूकभूल धरून पस्तीस म्हणा.

गॅसचाही असाच हिशोब करता येतो. पंधरा दिवसांच्या आयातीइतका, म्हणजे साडेआठ लाख टनांचा साठा उभारायचा आणि दाबाखाली ठेवण्याची सोय महाग म्हणून टनाला एक लाख रुपये बांधकामखर्च धरायचा, तरी व्याज, देखभाल व मालाची किंमत मिळून सिलिंडरमागे पाच-सहा रुपयांपलीकडे जात नाही. गॅस स्वस्त विकल्याने झालेला तोटा भरून देण्यासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने तेल कंपन्यांना ३० हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यातील निम्म्याहून कमी रकमेत ही भुयारे होऊन ती भरलीही गेली असती.

मग हे होत का नाही? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही याचे उत्तर देऊ शकेल. साठ्याचा खर्च एका कंपनीवर पडतो, फायदा साऱ्या देशाला होतो. म्हणून कोणतीही कंपनी, खासगी असो वा सरकारी, स्वेच्छेने तो पुरेसा करणार नाही. आणि सरकारच्या बाजूने पाहिले तर ज्या वर्षी संकट येत नाही त्या वर्षी साठ्यावरचा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात भुयारांत तेल भरण्यासाठी पाच हजार कोटी रुपये ठेवले होते. वर्ष संपण्यापूर्वीच ती खरेदी लांबणीवर टाकली गेली. ओडिशातील चंडीखोल व पादूर येथील ६५ लाख टनांच्या नव्या भुयारांना मंत्रिमंडळाने २०२१ च्या जुलैत मंजुरी दिली. मंजुरीचा कागद आणि खडकातले भुयार यांमधले अंतर कापायला आपल्याकडे किती वर्षे लागतात हे पहिल्या तीन भुयारांनी दाखवलेच आहे. उलट २०२० च्या एप्रिल-मेमध्ये टाळेबंदीमुळे भाव कोसळले असता सरकारने पिंपाला सरासरी १९ डॉलर दराने तेल घेऊन ही भुयारे भरली आणि सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचवले. भुयारे आणखी असती तर लाभही आणखी झाला असता.

म्हणून हा विषय दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर सोडता कामा नये. त्यासाठी कायदा हवा. शुद्धीकरण आणि आयात करणाऱ्या सर्व कंपन्यांना, त्यांची मालकी कोणाचीही असो, ठरावीक दिवसांच्या साठ्याचे बंधन हवे, आणि ते टाकीच्या आकारावर नव्हे तर टाकीतल्या मालावर मोजले जावे. स्वयंपाकाच्या गॅससाठी दिवसांची मर्यादा वेगळी लिहिलेली असावी.

पैशासाठी उपकर बसवायचा तर त्याचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवूनच बसवावा. १९७४ च्या कायद्याने देशी कच्च्या तेलावर तेल उद्योगाच्या विकासासाठी उपकर सुरू झाला. तो दशकानुदशके वसूल होत राहिला; परंतु त्यातील फारच थोडा भाग त्या कामासाठी नेमलेल्या मंडळाकडे पोचला, उरलेला सरकारच्या सामान्य तिजोरीत मुरला. पस्तीस पैशांचे असेच व्हायचे असेल तर ते ग्राहकाच्या खिशात राहिलेले बरे. ही रक्कम स्वतंत्र निधीत जमा व्हावी आणि त्या निधीचा हिशोब महालेखापालांनी संसदेपुढे ठेवावा.

साठा केव्हा उघडायचा, हेही आधीच ठरले पाहिजे. अमेरिकेने २०२२ मध्ये भाव खाली आणण्यासाठी आपल्या राखीव साठ्यातून १८ कोटी पिंपे तेल विकायला काढले आणि पुढच्या वर्षी तो साठा १९८३ नंतरच्या नीचांकाला गेला. २०२१ च्या नोव्हेंबरात भारतानेही अमेरिकेच्या बरोबरीने, भाव उतरावेत म्हणून, ५० लाख पिंपे सोडण्याचे जाहीर केले होते. मध्यावधी निवडणुका समोर असलेल्या सरकारला असा मोह पडणे स्वाभाविक आहे, आणि आपल्याकडे तर कोणत्या ना कोणत्या राज्यात निवडणूक असतेच. भाववाढ हे साठा उघडण्याचे कारण होऊ नये. पुरवठा प्रत्यक्ष तुटला, इतके दिवस तुटला, तरच कुलूप निघावे, अशी अट कायद्यातच हवी. मंगळूरच्या भुयाराचा काही भाग २०१८ पासून अबू धाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीला वापरायला दिला असून संकटकाळी त्या तेलावर पहिला हक्क भारताचा राहील असे ठरले आहे. ही तडजोड पैसा वाचवणारी आहे. पण ज्या आखातातल्या अशांततेसाठी ही बेगमी, तेथल्याच कंपनीचे तेल आपल्या दिवसांच्या मोजणीत धरायचे की नाही, याचे उत्तर संसदेत दिले गेले पाहिजे.

सौरऊर्जा आणि विजेवरच्या गाड्या येत आहेत, तेव्हा तेलाची भुयारे उद्या निरुपयोगी ठरतील, असेही कोणी म्हणेल. त्या आल्या तर आनंदच आहे. परंतु २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले तेव्हा आपल्या मोटार कारखानदारांची काय धावपळ उडाली, ते फार जुने झालेले नाही. वस्तू बदलली, परावलंबन गेले नाही. त्या चुंबकांचा आपल्यापाशी किती दिवसांचा साठा असावा, तो कोणी बाळगावा, याविषयीचा नियम अजून लिहायचा आहे. आणि तेलाच्या कायद्याचा मसुदा करताना त्यात या कलमासाठीही जागा ठेवता येईल.